शारदा सदन : एका शाळेची परदेशाशीं देवघेव

परदेशांतील शाळेशीं पत्रव्यवहार करावा, तेथील मुलांना आपल्या मुलांचीं चित्रें पाठवावीं, त्यांच्या शिकण्याच्या रीती आपल्याकडे आणाव्या, या गोष्टींचें आज शहरांतील पालकांना फारसें नवल वाटत नाहीं. शाळेच्या वार्षिक अहवालांत अशा उपक्रमांना मानाचें पान मिळतें. पुण्याला मात्र ही देवघेव नवी नाहीं. सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं या शहरांत अशी एक शाळा होती कीं, तिचा खर्च अमेरिकेंतील लोक वर्गणी काढून पुरवीत, तिच्यांतील लहानांना शिकविण्याची रीत एका जर्मन गुरुजींनीं शोधून काढलेली होती, आणि तिच्यांतील मुली मात्र कोंकणांतल्या व देशावरच्या अशा घरांतून आलेल्या होत्या कीं, ज्या घरांत मुलीच्या हातीं पाटी देणें हेंच मोठें धाडस समजलें जाई. त्या शाळेचें नांव शारदा सदन, आणि तिच्या संस्थापिका पंडिता रमाबाई.

सदनाची गोष्ट निघाली म्हणजे धर्मांतराच्या वादाचीच चर्चा बहुधा होते. तो वाद महत्त्वाचा होता, आणि तो टाळून या शाळेचा इतिहास सांगतां येत नाहीं. परंतु सदनाकडे आधीं एक शाळा म्हणून पाहिलें, तर त्या वादाचाहि अर्थ अधिक स्पष्ट होतो. शाळेला दूर देशाहून काय आणतां येतें, आणि काय तिला आपल्याच शहरांत, आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळवावें लागतें, हा तो प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुण्यांतील मुलांचें प्राथमिक शिक्षण मुख्यत्वें पंतोजींच्या शाळेंत होई. धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मग पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी सुरांत घोकावयाची, आणि मोडी अक्षर वळणावर गेलें कीं मुलगा हिशेबठिशेबाच्या कामाला लागावयाचा. या शाळेंत मुलींना जागा नव्हती. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या, आणि शहरांतील कर्मठांचा रोष दोघांनीं सोसला. १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल निघालें. हुजूरपागेची शाळा म्हणून तें पुढें प्रसिद्धीस आलें. अशा रीतीनें मुलींसाठीं वाट मोकळी होत चालली होती. परंतु उच्चवर्णीय समाजांतील एका मुलीपर्यंत ती वाट पोंचत नव्हती. ती मुलगी म्हणजे बालविधवा.

आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न आणि लग्नाचा अर्थ कळण्यापूर्वींच वैधव्य, असें जिच्या वांट्यास येई, तिनें पुढें काय करावयाचें हें ठरलेलेंच असे. वयांत आल्यावर केशवपन, अंगावर आलवण, एक वेळचें जेवण, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत सोंवळ्यांतलीं कामें. सणावारीं तिनें समोर येऊं नये, मंगलकार्यांत मागल्या दारीं असावें. अशा मुलीसाठीं सकाळीं अकरा वाजतां उघडून संध्याकाळीं पांच वाजतां बंद होणारी शाळा निरुपयोगी होती. तिला घर आणि शाळा एकाच छपराखालीं पाहिजे होतीं.

ही गरज ज्यांनीं नेमकी ओळखली, त्या रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताविरुद्ध जाऊन आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि रमाबाईंना संस्कृताचे धडे आईपासूनच मिळाले. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईवडील गेले. त्यानंतर भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर रमाबाईंनीं पायीं देश पालथा घातला. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला. आणि दोन वर्षांच्या आंत, १८८२ सालीं, कडेवरच्या मनोरमेसह त्या स्वतः विधवा झाल्या. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना मुलींच्या शाळांसाठीं स्त्रीशिक्षक आणि स्त्रियांसाठीं स्त्रीडॉक्टर यांची किती निकड आहे हें सांगितलें. त्यांच्या व्याख्यानांनीं त्या वेळच्या पुण्यांतील सुशिक्षित घरांत केवढी खळबळ उडाली होती, हें रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे.

१८८३ सालीं रमाबाई इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीनें प्रवासखर्चाला हातभार लागला. वैद्यक शिकावें हा मूळ हेतु होता. पण ऐकूं कमी येत असल्यामुळें तो सोडावा लागला. इंग्लंडांतच त्यांनीं त्याच वर्षीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत अध्ययन व अध्यापन केलें. तेथून त्या अमेरिकेस गेल्या त्या एका पुणेकर विद्यार्थिनीच्या पदवीदानासाठीं. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली, आणि त्या समारंभासाठीं महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनीं रमाबाईंना निमंत्रण दिलें होतें. आनंदीबाईंच्या या यशामागेंहि एका पत्रव्यवहाराचा धागा होता. गोपाळराव जोशी यांचें एक पत्र अमेरिकेंतील एका मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सी प्रांतांतील श्रीमती कार्पेंटर यांनीं वाचलें. त्यांनीं या अनोळखी मुलीला पत्र लिहिलें, आणि त्या पत्रांतूनच समुद्रापलीकडे एक घर आनंदीबाईंना मिळालें. आज शाळांतून ज्याला आंतरराष्ट्रीय देवघेव म्हणतात, तिचा आरंभ पुण्यापुरता असा दोन स्त्रियांच्या खासगी पत्रांतून झाला.

पदवीदान आटोपून परत जावयाचें, या हिशेबानें गेलेल्या रमाबाई अमेरिकेंत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. त्याचें एक मोठें कारण म्हणजे फिलाडेल्फियांत त्यांनीं पाहिलेली लहान मुलांची शाळा. हिचें जर्मन नांव किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकानें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग या लहानशा गांवीं अशी शाळा सुरू केली आणि १८४० सालीं तिला हें नांव दिलें. पुढें १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या शाळांवर बंदी घातली, आणि दुसऱ्याच वर्षीं फ्रोबेल वारला. परंतु जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेल्या लोकांनीं ही रीत आपल्याबरोबर नेली. १८५६ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांत एका जर्मन गृहिणीनें आपल्या घरीं असा वर्ग भरविला. १८६० सालीं बोस्टन येथें एलिझाबेथ पीबॉडी यांनीं इंग्रजी भाषेंतून तो सुरू केला. १८७३ सालीं सेंट लुई शहरांतील सार्वजनिक शाळांत तो दाखल झाला. जन्मभूमींत जिला दार बंद झालें, ती रीत परक्या देशांत रुजली, आणि तेथून एका मराठी विदुषीच्या हातीं लागली.

या रीतींत विशेष काय होतें? फ्रोबेलनें मुलांसाठीं कांहीं वस्तु ठरवून दिल्या होत्या. त्यांना तो ‘देणगी’ म्हणे. पहिली देणगी म्हणजे सहा रंगांचे लोंकरीचे मऊ चेंडू. दुसरी म्हणजे लांकडाचा एक गोळा, एक घन आणि एक दंडगोल. तिसरी म्हणजे आठ लहान तुकड्यांत कापलेला एक घन. मुलानें हा घन हातांत घ्यावा, मधोमध उघडावा, दोन अर्धे करावे. अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावे. मग सर्व तुकडे जुळवून पुन्हां पूर्ण घन करावा. पुण्यांतील पंतोजी ज्याला निमकी आणि पावकी म्हणत, तीच ही. मुलानें ती तोंडानें म्हणण्यापूर्वीं बोटांनीं ओळखली, एवढाच काय तो फरक. पण तो फरक मोठा आहे. घोकलेल्या पाढ्यांचें मोल कमी मानण्याचें कारण नाहीं. जन्मभर बाजारांत ते उपयोगीं पडत. तथापि जिला आजवर कोणी प्रश्नच विचारूं दिला नाहीं, त्या मुलीला वस्तु हातीं देऊन ‘मोडून पाहा, जोडून पाहा’ असें म्हणणें, याचा परिणाम गणितापुरता राहत नाहीं. या वस्तूंच्या जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम, गाणीं आणि बागेंतील वाफे असत.

रमाबाईंनीं हें शिक्षण नुसतें पाहिलें नाहीं. विद्यार्थिनी होऊन त्या तें रीतसर शिकल्या. त्याच वेळीं त्यांनीं मराठी मुलींसाठीं क्रमिक पुस्तकें लिहावयास घेतलीं. यांत त्यांची दृष्टि दिसून येते. जर्मन शिक्षकाचे चेंडू आणि घन जहाजानें आणतां येतील, पण मुलीला पहिला धडा तिच्या घरच्या भाषेंतच मिळाला पाहिजे, हें त्यांनीं प्रथमपासून धरून ठेविलें. १८८७ सालीं त्यांचें ‘दि हाय-कास्ट हिंदु वुमन’ हें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियांत प्रसिद्ध झालें, आणि त्यानें अमेरिकन वाचकांना हिंदुस्थानांतील विधवेची हकीगत सांगितली. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेची हकीगत मराठी वाचकांना सांगितली; ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें तें पुस्तक. देवघेव म्हणजे दोन्ही बाजूंनीं कांहींतरी दिलें पाहिजे, ही अट या दोन पुस्तकांनीं पुरी केली.

१८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. हिंदुस्थानांत निघावयाच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य करावें, असा त्याचा निश्चय होता. ठिकठिकाणीं ‘रमाबाई मंडळें’ निघालीं, आणि वर्षाला निदान एक डॉलर देण्याचें वचन सभासद देऊं लागले. या मदतीबरोबर एक बंधनहि आलें, आणि रमाबाईंनीं तें मान्य केलें. शाळेंत कोणत्याहि धर्माचा उपदेश व्हावयाचा नाहीं. कोणा मुलीला आपल्या घरचा आचार सोडावा लागणार नाहीं. स्वतः ख्रिस्ती झालेल्या बाईनें हिंदु घरांतील मुली मागावयाच्या, तर असें वचन देणें भागच होतें. हें वचन बोस्टनला दिलें गेलें तसें मुंबई-पुण्याच्या पालकांनाहि दिलें गेलें. शाळेचा खरा पाया हाच होता, पैसा त्यानंतरचा.

अमेरिकेहून निघून, वाटेंत जपानांत थांबून, रमाबाई १८८९ च्या आरंभीं मुंबईस पोंचल्या. ११ मार्च १८८९ रोजीं चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. समारंभाचें अध्यक्षस्थान लेखिका काशीबाई कानिटकर यांनीं भूषविलें. आरंभीं विद्यार्थिनी दोनच होत्या : शारदा गद्रे ही अविवाहित मुलगी, आणि गोदूबाई नातू ही विधवा. गोदूबाई देवरुखच्या जोशांच्या घरची. आठव्या वर्षीं लग्न, आणि तीन महिन्यांच्या आंत वैधव्य. सासरीं राबण्यांत पंधरा वर्षें गेल्यावर भाऊ नरहरपंत यांनीं त्यांना मुंबईस आणलें आणि सदनांत घातलें. चोविशीच्या घरांतली ही स्त्री आपल्यापेक्षां किती तरी लहान मुलींबरोबर पाटी-पुस्तक घेऊन बसली. प्राथमिक शाळेंत वयाचा हिशेब धरावयाचा नसतो, हें या शाळेनें पहिल्याच दिवशीं दाखवून दिलें.

मुंबईचा खर्च भारी पडूं लागल्यानें १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास आलें, आणि १८९२ सालीं त्याला स्वतःची इमारत झाली. जुन्या पेठांच्या बाहेर, मोकळ्या हवेंतली ही जागा होती. गल्लीबोळांच्या वाड्यांत ज्यांचें आयुष्य स्वयंपाकघर आणि विहीर यांच्यामध्यें गेलें, त्या मुलींना झाडांखालीं हिंडावयास मिळूं लागलें. वाचन, लेखन, अंकगणित, इंग्रजी, शिवणकाम आणि घरकाम असा त्यांचा दिवस असे. स्वयंपाक हिंदु घरच्या रीतीनें होई. व्रतें, पूजा करावयाची ज्यांची इच्छा असे त्यांना मोकळीक असे. ज्यांचें केशवपन झालें होतें त्यांनीं केस वाढविण्यास हरकत नव्हती. या साध्या गोष्टी आज वाचतांना क्षुल्लक वाटतात. पण ज्या मुलीचें तोंड पाहणें अपशकुन मानीत, तिला सकाळीं नांवानें हांक मारून कोणी वर्गांत बोलावतें, ‘कालचा धडा झाला का?’ असें विचारतें, ही तिच्या आयुष्यांतली मोठी घटना होती. दोन मुलींचें सदन चार वर्षांत चाळिसांवर गेलें, तें यामुळें.

सदनाला सल्ला देण्यासाठीं जें मंडळ होतें, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखीं मोठीं माणसें होतीं. पालकांनीं मुली पाठविल्या त्या पुष्कळशा या नांवांच्या भरंवशावर. आणि येथेंच तेढ उत्पन्न झाली. रमाबाई प्रार्थना करीत ती आपल्या खोलींत, आपल्या मुलीला घेऊन. पण खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, आपण कोणाला बोलावीत नाहीं, पण आलेल्या मुलीला हांकलून देणार नाहीं. मुलींना त्यांच्या धर्माची मोकळीक आहे, तशी आपल्यालाहि आपल्या धर्माची असली पाहिजे. पालकांचें व सल्लागारांचें म्हणणें असें कीं, बारा-चौदा वर्षांची निराधार मुलगी जिला आईच्या ठिकाणीं मानते, तिचें वागणें हाच तिला उपदेश होतो. त्याला निराळें व्याख्यान लागत नाहीं. ‘केसरी’नें या प्रकरणीं कडक टीका केली. १८९३ च्या ऑगस्टांत रानडे व भांडारकर यांनीं सदनाशीं असलेला आपला संबंध तोडला, आणि पालकांनीं वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादांत एकच बाजू खरी व दुसरी खोटी असें म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. दार लावून घेऊन प्रार्थना करणें हें रमाबाईंना आपल्या श्रद्धेची लाज धरण्यासारखें वाटलें. त्यांच्या प्रामाणिक स्वभावाला तें जमण्यासारखें नव्हतें. दुसऱ्या बाजूला, लोकापवाद पत्करून ज्या बापानें किंवा भावानें मुलगी पाठविली, त्याच्या हातीं एका वचनाखेरीज कांहींच नव्हतें. समाजांत तो एकटा पडलेला. त्यांत घरांतल्या म्हाताऱ्यांनीं ‘आम्ही सांगत होतों’ म्हणावें, अशी वेळ आली. बोस्टनचे विश्वस्त रमाबाईंच्या पाठीशीं उभे राहिले, पैसाहि थांबला नाहीं. परंतु पुण्यांतील ओसरीवर बसून बोलणाऱ्या माणसांचा विश्वास बोस्टनहून पाठवितां येत नाहीं. चेंडू आले, घन आले, पुस्तकें आलीं, डॉलर आले. विश्वास मात्र येथेंच, रोजच्या रोज, मिळवावा लागत होता, आणि तो तुटला. त्याची किंमत रानड्यांनीं दिली नाहीं, रमाबाईंनींहि दिली नाहीं. ती दिली परत नेलेल्या मुलींनीं. १८९३ सालीं पुण्यांत त्यांना घेणारें तशा प्रकारचें दुसरें घर नव्हतें.

पुढें सदनाचें रूप पालटलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, आणि शेंकडों निराश्रित मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगाची धामधूम चालू असतां केडगांव येथें, पुण्याहून सुमारें ५५ किलोमीटरांवर, त्यांचें मुक्तिसदन उभें राहिलें, आणि शारदा सदनहि पुढें तेथेंच गेलें. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ सालीं संपली, आणि संस्था उघडपणें ख्रिस्ती झाली. तेथें छापखाना, शेती, विणकाम यांचें शिक्षण मिळे. लहानांसाठीं किंडरगार्टनची रीतहि चालू राहिली. मनोरमा आणि सदनांतील कांहीं मुली शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊन आल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. केडगांवचें कार्य आजहि चालू आहे.

पुण्यांतील शारदा सदन अशा रीतीनें शहरांतून गेलें. परंतु तेथील शिक्षणाचा वारसा शहरांत राहिला तो पहिल्या विद्यार्थिनीच्या रूपानें. ११ मार्च १८९३ रोजीं, म्हणजे सदन उघडल्यापासून बरोबर चार वर्षांनीं, गोदूबाईंचा पुनर्विवाह फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. कर्वे हे भावाचे स्नेही, आणि रमाबाईंच्याच वयाचे. दोघांच्या जन्मांत पांच दिवसांचें अंतर. गोदूबाईंचें नांव आतां आनंदीबाई झालें. घरांत आणि पुढें साऱ्या महाराष्ट्रांत त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहाबद्दल मुरुड गांवीं कर्व्यांवर बहिष्कार पडला.

१८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका साध्या झोंपडींत गेला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं दिली. शारदा सदनावरून उठलेलें वादळ कर्व्यांनीं जवळून पाहिलें होतें, आणि विश्वासाची किंमत त्यांना कळून चुकली होती. आश्रमांतील आचार हिंदु घरच्यासारखा राहील आणि आश्रमांतून विधवाविवाहाचा प्रचार होणार नाहीं, असें त्यांनीं लोकांना सांगितलें, आणि तें काटेकोरपणें पाळलें. तें पाळण्यासाठीं किती सोसावें लागलें याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. बाया कर्वे या पुनर्विवाहिता असल्यामुळें आश्रमांत राहूं शकत नव्हत्या. नवऱ्याची शाळा, तीहि विधवांची; आणि शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी त्या शाळेच्या बाहेर, पुण्यांत, मुलें सांभाळीत राहिलेली. हा अन्यायच होता, आणि बायांनीं त्याचें दुःख लपविलें नाहीं. परंतु पालक मुली पाठवीत राहिले. रमाबाईंनीं आपल्या सत्यासाठीं शहराचा विश्वास गमावला. कर्व्यांनीं शहराच्या विश्वासासाठीं आपल्या घराला कष्टविलें. कोणाचा मार्ग श्रेष्ठ, हा निवाडा करण्याचें कारण नाहीं. फुकट मात्र कोणताच मार्ग मिळाला नाहीं.

हिंगण्याच्या संस्थेनेंहि परदेशाशीं देवघेव केली. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विशीच्या सुमारास विधवा झाली, आणि आश्रमांत येऊन शिकली. १९१८ सालीं, तोडकें इंग्रजी आणि थोडा पैसा एवढ्यावर, ती एकटी अमेरिकेस गेली. तेथें तिनें लोकांच्या घरीं घरकाम करून पोट भरलें, भाषा शिकली, आणि संस्थेची माहिती लोकांना सांगितली. रमाबाईंना अमेरिकेनें पंडिता म्हणून ऐकलें. पार्वतीबाईंना तिनें मोलकरीण म्हणून पाहिलें, आणि तरीहि ऐकलें. १९२० सालीं त्या परत आल्या, आणि ही सारी हकीगत त्यांनीं ‘माझी कहाणी’ या पुस्तकांत सांगितली.

दुसरी गोष्ट जपानची. टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांकडे टपालानें आली होती. ती काहीं काळ तशीच पडून राहिली. १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आलें, तेव्हां भाषण लिहितांना त्यांनीं ती वाचली, आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ सुरू झालें. मातृभाषेंतून शिक्षण हें त्याचें मुख्य सूत्र होतें. १९२९-३० च्या जगप्रवासांत कर्व्यांनीं टोकियोचें तें विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलें. परक्याची कल्पना घ्यावी, पण ती आपल्या भाषेंत आणि आपल्या ऐपतींत उभी करावी, हें तारतम्य येथें दिसतें. आणि पंचाहत्तरी उलटल्यावर हा विद्यापीठाचा संस्थापक पुन्हां पहिल्या इयत्तेकडे वळला. १९३६ सालीं त्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलें, आणि जेथें शाळाच नव्हती अशा खेड्यांतून प्राथमिक शाळा उघडण्यासाठीं ते हिंडूं लागले.

आज शाळांची परदेशाशीं देवघेव फार सोपी झाली आहे. पूर्वीं ज्या पत्रास महिना लागे, तें आतां क्षणांत पोंचतें. त्यामुळें उत्साह वाढणें साहजिक आहे, आणि तो वाढावाहि. परंतु जो पालक आपलें मूल शाळेच्या दाराशीं सोडून जातो, त्याला शाळेनें काय सांगितलें आहे, आणि जें सांगितलें तें ती पाळते आहे कीं नाहीं, हा प्रश्न अजून तोच आहे. शारदा सदनाला परदेशानें द्यावयाचें तें सर्व दिलें. उरलेलें पुण्यानें आणि सदनानें एकमेकांना द्यावयाचें होतें. तें कमी पडलें, तेव्हां पंचवीस मुलींच्या पाट्या खालीं ठेवल्या गेल्या. जी एक मुलगी शिकून बाहेर पडली, तिच्या घरांतून पुढें शेंकडों मुलींच्या हातीं पाट्या आल्या. शाळेचा हिशेब मांडावयाचा तो या दोन्ही आंकड्यांनीं.